जाळ्यात आलेलं प्लास्टिक धक्क्यावर उतरवून घ्या : मत्स्यव्यवसाय विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र सागरी मंडळ

विषय : मासेमारीच्या जाळ्यांत येणारे प्लास्टिक बंदरावर स्वीकारणे, मोजणे व त्याचा मोबदला देणे.

महोदय,

मागणी आधी सांगते, कारणं मागाहून. झाईपासून रेडीपर्यंत जिथे जिथे मासळी उतरते तिथे जाळ्यात आलेलं प्लास्टिक उतरवून घ्यायला एक जागा असावी, तिथे वजनकाटा असावा, आणि किलोमागे ठरलेले पैसे बोटवाल्याच्या खात्यावर जमा व्हावेत. यासाठी नवीन बोट लागत नाही, परदेशी यंत्र आणावं लागत नाही आणि जनजागृतीचा एकही फलक रंगवावा लागत नाही.

मी वसईच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका कोळीवाड्यात राहते. घरची डोल जाळ्याची बोट आहे. मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहायचं काम माझ्याकडे असतं. डिझेल, बर्फ, दोरखंड, खलाशांचा वाटा, कुणाची उचल किती, हे सगळं वहीत असतं. प्लास्टिकला मात्र कुठल्याच वहीत रकाना नाही. बोटीच्या कमाईतून ते रोज काहीतरी खातं, पण त्याची नोंद कुणी करत नाही, आणि जे कागदावर येत नाही ते मंत्रालयापर्यंत पोचत नाही हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

डोल काय असते हे आपल्या खात्याला सांगायला नको. पण हे पत्र खुलं आहे, इतरही वाचतील, म्हणून थोडक्यात. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना किंवा नांगराला बांधलेलं, तोंडाशी रुंद आणि मागे निमुळतं होत गेलेलं लांबलचक जाळं. ते कुणी ओढत नाही. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून वाहतं आणि पाण्याबरोबर येईल ते शेवटच्या बारीक आसाच्या (विणीतल्या भोकांच्या) पिशवीत साठतं. या पिशवीला आम्ही खोला म्हणतो. जाळं ओढत नेणारा ट्रॉलर मासळीच्या मागे जातो. डोल एका जागी उभी राहते आणि समुद्र देईल ते घेते. बोंबील, जवळा, करंदी, कोळीम, मांदेली हे सगळं मुंबई-पालघर-रायगडच्या ताटात येतं ते बरंचसं डोलीतून. आणि उल्हास नदीने, मिठी नदीने, शेकडो नाल्यांनी समुद्रात सोडलेलं प्लास्टिक सगळ्यात आधी येतं तेही डोलीतच.

पाण्याची ओढ कमी होते त्या थोड्या वेळात खोला वर घ्यावा लागतो. खोल्याचं तोंड सोडलं की डेकवर ढीग पडतो. ऑगस्टमधल्या ढिगात काय असतं ते एकदा बघायला या. वर बोंबील असतात, अजून तोंड उघडझाप करणारे. हात घातला की खालून दुधाच्या पिशव्या निघतात, चिखलाने भरून फुगलेल्या, एकेक अर्धा-पाऊण किलोची. वेफर्सची चंदेरी पाकिटं, त्यांच्यावरचा छाप अजून वाचता येतो. गुटख्याच्या पुड्या. (गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. पुड्यांना हे कुणी कळवलेलं दिसत नाही.) सलाईनची नळी, डायपर, एका पायाची चप्पल, केसांचे पुंजके, आणि थर्माकोल. थर्माकोल सगळ्यात वाईट. त्याचा दाणा सुटतो, ओल्या मासळीला चिकटतो, हाताला चिकटतो आणि झटकला की पुन्हा मासळीवरच पडतो.

पातळ पिशवी जाळ्याच्या आसावर सपाट बसली की तिथून पाणी जात नाही. अशा शे-दोनशे पिशव्या बसल्या की जाळ्यावर ताण येतो, ओढीच्या दिवसांत जाळं फाटतं, कधी खुंटच हलतो. पिशवी पंख्यात गुंडाळली गेली तर इंजिन बंद करून कुणीतरी पाण्यात उतरायचं आणि सुरीने ती कापून काढायची. फाटलेलं जाळं विणायला दिवस जातो. त्या दिवसाची मजुरी वहीत चढते, पण 'जाळं दुरुस्ती' या नावाने. पिशवीचं नाव कुठेच येत नाही.

पुढचं काम आम्हा बायकांचं. जवळा खळ्यावर सुकत घालायचा असतो. जवळा म्हणजे नखाएवढा जीव, त्यात नखाएवढंच प्लास्टिक. ओला असताना ते दिसत नाही. ऊन लागलं की जवळा गुलाबी-पांढरा पडतो आणि मग निळे, हिरवे, चंदेरी तुकडे उठून दिसू लागतात. ओळीने बसून ते बोटांनी वेचायचे. घाऊक व्यापारी मूठभर जवळा तळहातावर घेऊन बघतो, एखादा निळा धागा सापडला तर काही न बोलता भाव खाली आणतो. त्या धाग्याची लांबी बोटाच्या पेरापेक्षा कमी असते. बरेचदा तो धागा आमच्याच कुठल्यातरी जुन्या दोरीचा असतो, त्याबद्दल पुढे लिहिते.

आता आपल्याला न आवडणारं लिहिते. हा सगळा कचरा, थोडा अपवाद सोडला तर, पुन्हा समुद्रातच जातो. मासळी निवडून झाली की फावड्याने तो कडेवरून ढकलला जातो आणि पुढच्या पाण्याला दुसऱ्या कुणाच्या डोलीत शिरतो. खलाशी वाईट नाहीत. बोटीवर जागा मोजकी, त्यात बर्फ, मासळी, माणसं. पोतं भरून धक्क्यावर आणलं तर ठेवायचं कुठे? घंटागाडी चिखलाने लडबडलेलं पोतं घेत नाही. भंगारवाला त्यातली बाटली उचलतो, पाकिटांकडे बघतही नाही. धक्क्यावर पडून राहिलं तर वास मारतं, आणि मग धक्का घाण करतात म्हणून कोळ्यांनाच बोल लागतो. फेकणं फुकट आहे आणि आणणं महाग. हा हिशेब बदलल्याशिवाय कुणाला कितीही शपथा दिल्या तरी काही होणार नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगते. जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाबद्दलच्या मारपोल कराराचं पाचवं परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू झालं. भारत त्यात आहे. जहाजावरून प्लास्टिक समुद्रात टाकायला त्यात पूर्ण मनाई आहे, मासेमारी बोटी त्यातून सुटलेल्या नाहीत. पण त्याच परिशिष्टात दुसरी जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे : बंदरात कचरा उतरवून घेण्याची पुरेशी सोय करायची. 'टाकू नका' हे आम्हाला प्रत्येक कार्यशाळेत सांगितलं जातं, चहा-बिस्किटांसह. 'उतरवून घेऊ' हे कधी ऐकलं नाही.

आमचा कोपरा जगाच्या नकाशावर कुठे आहे हेही बघा. २०२१ साली 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा एक अभ्यास आला. पूर्वी असं मानलं जायचं की मोजक्या महाकाय नद्याच बहुतेक प्लास्टिक समुद्रात नेतात. या अभ्यासाने सांगितलं की हजाराहून जास्त नद्या मिळून ८० टक्के भार वाहतात, आणि त्यांत शहरांतून जाणाऱ्या छोट्या नद्यांचा वाटा मोठा आहे. पहिला नंबर फिलिपिन्समध्ये मनिलातून वाहणाऱ्या पासिग नदीचा. आणि पहिल्या पाचांत आपली उल्हास. गंगा नाही, ब्रह्मपुत्रा नाही, उल्हास! हा अंदाज गणिती प्रारूपाचा आहे, कुणी खाडीच्या तोंडाशी बसून पिशव्या मोजल्या नाहीत, तेव्हा क्रमांक थोडा वर-खाली होईल. पण बदलापूर, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, ठाणे हा सगळा पट्टा ज्या पाण्यात आपला कचरा सोडतो, त्या पाण्याच्या तोंडाशी आमची जाळी लागतात. आम्हाला तो अभ्यास वाचून धक्का बसला नाही. खरी मोजणी हवी असेल तर तिचं साधन तिथे रोज पाण्यात उभं आहे.

हे प्लास्टिक इथेच राहतं असंही नाही. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उलटा फिरतो. त्यामुळे मुंबईचं प्लास्टिक कोकणात आणि कोकणाखालचं वर, असा हा फेरा चालतो. काही किनाऱ्यावर परत येतं. उधाणाच्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून समुद्र ते रस्त्यावर फेकतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. काही तळाशी बसतं. काही दूर निघून जातं. हिंद महासागरात कोकोस (कीलिंग) नावाची ऑस्ट्रेलियाची बेटं आहेत, वस्ती सहाशेच्या आसपास. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तिथल्या किनाऱ्यांवर ४१ कोटींहून जास्त प्लास्टिकचे तुकडे असल्याचा अंदाज निघाला, वजन २३८ टन. त्यात सुमारे पावणेचार लाख टूथब्रश आणि दहा लाखांच्या जवळपास चपला-बूट. सहाशे माणसांचे एवढे टूथब्रश होत नाहीत. आमच्या डोलीतून निसटलेली ती एका पायाची चप्पल कुठल्या किनाऱ्याला लागते हे मला सांगता येणार नाही, पण कुठेतरी लागतच असणार.

आता आमच्या बाजूची गोष्ट, नाहीतर आपले अधिकारी ती पहिली काढतील. पॅसिफिक महासागरात हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधे जो कचऱ्याचा मोठा पट्टा आहे, त्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेलं मोजमाप असं : १६ लाख चौरस किलोमीटरवर सुमारे ७९ हजार टन तरंगतं प्लास्टिक, आणि वजनाने त्यातलं ४६ टक्के म्हणजे मासेमारीची जाळी. पूर्वी सणाच्या (तागासारख्या) दोऱ्याची जाळी होती, तुटली तर कुजायची. नायलॉन कुजत नाही. समुद्रात सुटलेलं जाळं कुणी ओढत नसतानाही मासे धरत राहतं, कासवांच्या परांना करकचतं. पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेली अशी ऑलिव्ह रिडले कासवं डहाणूच्या कासव उपचार केंद्रात नेली जातात, काहींचा पुढचा पर कापावा लागलेला असतो. जाळं शिवताना कापून काढलेले तुकडे, झिजलेल्या दोऱ्या, फुटलेले फ्लोट हे कडेवरून टाकायची सवय आमच्या धंद्याला आहे. जवळ्यातला तो निळा धागा तिथूनच येतो. म्हणून माझी मागणी फक्त वेफर्सच्या पाकिटांपुरती नाही. जुनं जाळं आणि त्याचे तुकडेही त्याच काट्यावर घ्या. अख्ख्या नायलॉनच्या जाळ्याला भंगारवाला भाव देतो म्हणून ते परत येतं. तुकड्यांना भाव नाही म्हणून ते येत नाहीत. एवढं साधं आहे.

याला आपल्याच राज्यात दाखला आहे आणि तो मला फार आवडतो. डिसेंबर २०१८ मध्ये वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि आपला विभाग यांनी एक योजना आणली. जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव आला आणि तो सोडवायला जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई. पुरावा काय? जीव सोडतानाचे फोटो, बोटीची कागदपत्रं आणि एक अर्ज. त्याआधी कासवाबद्दल कळवळा नव्हता असं नाही, पण फाटलेल्या जाळ्याचा खर्च कळवळ्याने भरून निघत नव्हता. योजना आल्यावर तांडेलांनी (बोटीच्या प्रमुखांनी) बिनदिक्कत जाळी कापली. आपल्या खात्याला माणसाचा स्वभाव कळतो हे त्यात दिसलं होतं. तोच स्वभाव इथे वापरा.

बाहेरचे दाखलेही कमी नाहीत. दक्षिण कोरियात २००३ पासून सरकार मच्छीमारांकडून समुद्रातला कचरा विकत घेतं. उत्तर युरोपात 'फिशिंग फॉर लिटर' नावाचा उपक्रम २००० च्या सुमारास नेदरलँड्समध्ये सुरू झाला. बोटींना मोठ्या पिशव्या द्यायच्या, भरलेल्या पिशव्या बंदरावर फुकट उतरवून घ्यायच्या. २०१९ मध्ये युरोपीय संघाने नियमच केला की जाळ्यात आलेला कचरा उतरवायला बंदराने वेगळं शुल्क लावायचं नाही. आणि कोरिया-युरोप लांब वाटत असेल तर केरळ बघा. २०१७ मध्ये कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरात 'शुचित्व सागरम' सुरू झालं. बोटींना जाळीच्या पिशव्या दिल्या, मच्छीमारांनी प्लास्टिक आणलं, धक्क्यावर बायकांनी ते धुऊन वेगळं केलं, यंत्रात बारीक तुकडे केले, आणि ते डांबरात मिसळून रस्त्याला वापरलं. डांबरी रस्त्यात प्लास्टिक वापरायची ही पद्धत मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांची. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. नींदकराहून ससून डॉक काही दुसऱ्या ग्रहावर नाही, समुद्र एकच आहे. फार तर एक अधिकारी, एक तांडेल आणि खळ्यावरच्या दोन बायका यांना रेल्वेने तिथे पाठवा. विमान नको, नाहीतर फक्त अधिकारीच जातील.

पैसे कुठून आणायचे हा पहिला प्रश्न येईल, म्हणून त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवते. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत उत्पादकाची जबाबदारी आहे. फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपन्यांना ठरलेल्या प्रमाणात प्लास्टिकवर प्रक्रिया झाल्याचा हिशेब केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर द्यावा लागतो, आणि नोंदणीकृत प्रक्रियादारांकडून त्याची प्रमाणपत्रं विकत घेता येतात. खोल्यातून निघालेल्या पाकिटावर कंपनीचं नाव छापलेलं असतंच. नोंदणी असलेला प्रक्रियादार धक्क्याशी जोडला, काट्यावरच्या वजनाची पावती त्याच्याकडे गेली, तर या पाकिटांच्या पैशाचा काही भाग ज्यांनी ती बाजारात आणली त्यांच्याकडून येऊ शकतो. चिखल-मीठ लागलेल्या मालाचे नियम कसे बसवायचे, ते बघायला आपल्याकडे माणसं आहेत. मी फक्त एवढं म्हणते की शासनाच्या तिजोरीवर सगळा भार पडेल असं समजून फाईल पहिल्याच टेबलावर बंद करू नका.

वस्तूला परतीचा भाव लावायची कल्पना या राज्याला नवीन नाही. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे ५० पैसे परत द्यायची तरतूद होती. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला ते ५० पैसे मिळाले असतील तर जरूर कळवा. कल्पना चांगली होती, पण घराघरातून पिशव्या गोळा करणारी माणसं नव्हती. समुद्रात तसं नाही. गोळा करणारी माणसं रोज जातात, स्वतःचं डिझेल जाळून जातात, जाळं टाकतात आणि वर घेतात. समुद्र साफ करायला कुठे कुठे केवढाले तरंगते सापळे बांधतात ते व्हिडिओमध्ये बघितलं आहे. इथे ते काम रोज होतं आणि शेवटच्या दहा पावलांसाठी वाया जातं.

भाव किती असावा? आकडा आपण ठरवा, पण हिशेब धंद्याच्या बाजूने करा. पोतं भरून, बांधून, डेकवर ठेवून, धक्क्यावर उचलून आणणाऱ्या खलाशाला ते परत फेकण्यापेक्षा परवडलं पाहिजे. आणि मासळी सोडून कुणी प्लास्टिकच्याच मागे लागेल इतका भाव नको. पैसे सोसायटीमार्फत द्या, डिझेलवरच्या कराचा परतावा येतो तो रस्ता तयारच आहे. मात्र परतावा रखडतो ही ओरड किनाऱ्याला नवीन नाही, तसं इथे झालं तर पहिल्या दोन महिन्यांनंतर एकही पोतं येणार नाही. महिन्याचे पैसे महिन्यात, नाहीतर सुरूच करू नका.

लबाडी होईल, असं कुणीतरी म्हणेल. लोक किनाऱ्यावरचा, नाल्याचा कचरा पोत्यात भरून जाळ्यात आला म्हणून आणतील. आणू देत! नाल्याच्या तोंडाचा कचरा समुद्रात जायच्या आधी काट्यावर आला, तर त्यात शासनाचं काय नुकसान झालं हे मला कुणी समजावून सांगावं. ओला चिखल भरून वजन वाढवतील, हा मात्र खरा धोका आहे. त्यावर उपाय आम्ही खळ्यावर रोज करतो : पाण्यात खळबळून, निथळून, मग वजन. काट्यावर कोळीवाड्यातल्या बायका बसवा. आम्हाला चिखलाचं वजन फसवू शकत नाही, आम्ही आयुष्यभर बर्फाचं पाणी धरून विकलेली मासळी ओळखत आलो.

गोळा झालेल्याचं पुढे काय, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला सुंदर उत्तर नाही. जाळी आणि बाटल्या विकल्या जातील. अनेक थरांच्या पाकिटांवर पुन्हा काही करता येत नाही, ती सिमेंटच्या भट्टीत जाळली जातात, आणि आपल्या राज्यातल्या मोठ्या सिमेंट भट्ट्या चंद्रपूरकडे, म्हणजे समुद्रापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला. वाहतुकीचा खर्च येईल. रस्त्याचा पर्याय जवळचा आहे. जाळणं मला पटत नाही. पण आज हेच पाकीट तुकडे होत होत माझ्या खळ्यावर येतं आणि तिथून कुणाच्या तरी जवळ्याच्या चटणीत जातं, त्यापेक्षा भट्टी बरी.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वजनकाटा. मोबदल्यामुळे कचरा धक्क्यावर येईल, पण काट्यामुळे नोंद तयार होईल. अमुक धक्का, अमुक महिना, इतकी पाकिटं, इतकी जाळी, इतका थर्माकोल. ही नोंद दर महिन्याला जाहीर करा आणि तिची एकेक प्रत उल्हास, मिठी, पाताळगंगा, सावित्री यांच्या काठच्या प्रत्येक महापालिकेला आणि नगरपालिकेला पाठवा. आज प्रत्येक पालिका म्हणते की आमच्याकडे कचऱ्याचं शंभर टक्के संकलन होतं. असेलही. मग खोल्यात काय येतं? हा प्रश्न आजवर आम्ही तोंडी विचारत आलो, म्हणून त्याला तोंडीच उत्तरं मिळाली. नाल्याच्या तोंडाला जाळी बसवा, ती साफ करा, ही मागणी करायला आमच्या हातात किलोचे आकडे हवेत.

वर्सोव्याचा किनारा ॲड. अफरोज शाह आणि त्यांच्या माणसांनी २०१५ पासून साफ करायला घेतला, २०१८ मध्ये तिथे कासवाची पिल्लं निघाली. त्या कामाला माझा नमस्कारच आहे. पण किनारा साफ करणारे शनिवार-रविवार येतात आणि भरती रोज दोनदा येते. स्वच्छता मोहिमेला झाडू आणि टोप्या वाटणाऱ्या खात्यांना विनंती, त्या पैशातून एका धक्क्यावर काटा येईल का ते एकदा बघा.

जगाचा करार होईपर्यंत थांबू, असं तर कुणी म्हणू नका. प्लास्टिकवर बंधनकारक जागतिक करार करायचा असं मार्च २०२२ मध्ये नैरोबीत ठरलं. दक्षिण कोरियात बुसानला जमलं नाही, ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात जमलं नाही. प्लास्टिकचं उत्पादनच कमी करायचं की फक्त कचरा आवरायचा, यावर सगळं अडलं. भारताने उत्पादनावर मर्यादा घालायला विरोध केला आणि कचऱ्याच्या व्यवस्थेवर भर द्यावा असं म्हटलं. मला ते पटत नाही. नळ चालू ठेवून लादी पुसायची ही रीत आहे. पण देशाची भूमिका कचरा आवरण्याची असेल, तर मग निदान तो आवरा. माझ्या दारातल्या धक्क्यावर तो आवरण्याची एक बादलीसुद्धा नाही.

एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, त्याचं कोळीवाड्यांत स्वागत झालं. वीज, कर्ज, विमा या सवलतींची चर्चा चालू आहे. शेतीत बाहेरून पाणी-गाळ शिरून पिकाचं नुकसान झालं तर तलाठी पंचनाम्याला येतो. आमच्या शेतात रोज दोन वेळा शिरतं, त्याचा पंचनामा कुठे करायचा? धक्क्यावरचा काटा हाच तो पंचनामा समजा.

सुरुवात सगळीकडे एकदम करायला सांगत नाही. केरळनेही एकाच बंदरात केली. वसई-उत्तनचा डोलीचा पट्टा घ्या, ससून डॉक घ्या, ट्रॉलर आणि पर्ससीन (मासळीला घेरणारं जाळं) वाल्यांचं रत्नागिरीतलं मिरकरवाडा बंदर घ्या, म्हणजे तिन्ही प्रकारच्या जाळ्यांचा अंदाज येईल. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते, त्या दोन महिन्यांत जागा, काटा, पोती आणि सोसायट्यांशी करार एवढं उरकता येतं. ऑगस्टमध्ये पहिला खोला सुटतो तेव्हा काटा जागेवर हवा, कारण वर्षातला सगळ्यात जास्त माल तेव्हाच येतो. डिसेंबरात उद्घाटन केलंत तर आकडे कमी दिसतील आणि समस्या फारशी नाही असा अहवाल जाईल. असे अहवाल कसे तयार होतात हे आम्हाला माहीत आहे.

या पत्रावर बैठक लावणार असाल तर आमच्या सोसायट्यांना बोलवा, आणि बैठक भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या दिवसांत ठेवा, अष्टमीच्या आसपास. उधाणाला सगळ्या बोटी बाहेर असतात, त्या दिवशी मुंबईला येऊन बसणं कुणालाच परवडत नाही.

आपली,
वसई खाडीच्या तोंडावरची एक कोळीण